विजूताई आणि खंडेनवमीचा संगणक

विजूताई सबनीसांना ‘आपोआप’ हा शब्द चालत नसे. कुणी म्हणालं, "ताई, कंप्युटर आपोआप बंद पडला," की त्या चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून त्या माणसाकडे अशा बघत, की त्याला वाटावं आपण परीक्षेत कॉपी करताना सापडलोय. मग म्हणत, "आपोआप फक्त केस पिकतात. बाकी सगळं कुणीतरी करतं. तू काय केलंस ते सांग." आणि गंमत म्हणजे, बहुतेक वेळा त्या माणसाने काहीतरी केलेलंच असायचं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि मी भूगोल. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या निवृत्तीला आल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यावरही रोज शाळेत येतच राहिल्या. त्यांना ‘आता येऊ नका’ असं सांगायचं धाडस कुणालाच झालं नाही. घराणं दरबारातलं. पूर्वज फौजेची हजेरी मांडायचे. त्यावर विजूताईंचं म्हणणं असं, की "ते शिपायांची हजेरी घेत, मी पोरांची घेतली. शिपाई बरे असतील."

बुटकी, काटक मूर्ती. खळ घातलेली सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट बघून नव्या मुली हसत, आणि पहिल्या चाचणीचे गुण हातात पडले की हसायच्या थांबत. लग्न केलं नव्हतं. नया बाजारात एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत आणि मजेत राहत. पर्समध्ये एक पितळी करंडा असे. कुंकू कधीच लावत नसत, म्हणून मी एकदा न राहवून विचारलं, तर त्यांनी झाकण उघडून दाखवलं. आत पेन ड्राइव्ह होता. कुठलाही अडलेला संगणक त्यावरून सुरू करता येई. "आईचा करंडा आहे," म्हणाल्या. "रिकामा ठेवणं बरं नाही दिसत."

भाषेचंही त्यांचं एक शास्त्र होतं. रागवायचं हिंदीत, कौतुक करायचं मराठीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "मराठीत रागावलं की आपली माणसं मनाला लावून घेतात. हिंदीत रागावलं की जरा बाहेरच राहतं." हे ग्वाल्हेरच्या मराठी माणसालाच सुचू शकतं. पुण्याच्या माणसाला रागवायला दुसरी भाषा लागत नाही.

शाळेला कुठल्याशा कार्यालयाने टाकून दिलेले जुने संगणक मिळाले होते. ते इतके सावकाश चालत, की बटण दाबून मधल्या सुट्टीतला डबा खाऊन यावं. विजूताईंनी वर्षभर खपून लिनक्स नावाची फुकट मिळणारी, हलकी प्रणाली स्वतः शिकून घेतली, ती सगळ्या संगणकांवर चढवली आणि ती म्हातारी यंत्रं धावायला लागली. मग लष्करातल्या मराठी घरांतून बोलावणी यायला लागली. कुणाचा संगणक अडला, की आधी सबनीस बाई.

मात्र त्या स्वतः कीबोर्डला हात लावत नसत. दोन्ही हात मागे बांधून उभ्या राहायच्या आणि ज्याचा संगणक त्यालाच बसवायच्या. "आधी वाच, मग घाबर," हे त्यांचं ब्रीद. आमचे खेळाचे तोमर सर म्हणजे सहा फुटी, भरघोस मिशांचा गडी. पडद्यावर काही इंग्रजी उमटलं की ते सरळ भिंतीवरचा खटका बंद करत. विजूताईंनी एक दिवस त्यांना पकडलं. "बैठिए तोमर साहब. जोर से पढ़िए." तोमर सर घाम पुसत एकेक शब्द वाचू लागले आणि शेवटी एवढंच निघालं, की प्रिंटरमधले कागद संपलेत. त्यानंतर तोमर सर शाळेतल्या पाट्यासुद्धा मोठ्याने वाचायला लागले.

हाच खाक्या बाहेरही. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी इंदरगंजातल्या एका कार्यालयात मी त्यांना घेऊन गेलो होतो. रांग जिन्यापर्यंत आली होती आणि खिडकीतला बाबू पंख्याखाली निवांत. "सिस्टम नहीं चल रहा माताजी, कल आइए."

"स्क्रीन पे कुछ लिखा है?"

"अंग्रेज़ी में कुछ आ रहा है."

"तो पढ़िए ना भैया. काटेगा नहीं."

रांगेतल्या म्हाताऱ्यांना करमणूकच झाली. बाबूने नाइलाजाने वाचलं, की कीबोर्ड सापडत नाही. खाली वाकून बघतो तर झाडू मारताना तार निघालेली. त्याने खजील होऊन विजूताईंचा कागद आधी मागितला, तर त्या म्हणाल्या, "पीछे वालों का पहले कीजिए. मैं तो दिख ही रही हूँ कि ज़िंदा हूँ." आणि सगळी रांग संपेपर्यंत बाकावर बसून शब्दकोडं सोडवत राहिल्या. मला कंटाळा आला होता, पण ते बोलायची सोय नव्हती.

देवाधर्माशी त्यांचं विशेष सख्य नव्हतं. "देवाचं मला माहीत नाही, शिऱ्याचं माहीत आहे," म्हणत आणि सत्यनारायणाचं एकही बोलावणं चुकवत नसत. तरी त्यांचे सगळ्यांत जवळचे मित्र कोण, तर पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीतले नाना पुराणिक. नाना पौरोहित्य करत. अर्ध्या लष्करातली मराठी लग्नं त्यांनी लावलेली, माझंही त्यांनीच. आवाज असा, की मंगलाष्टकं सुरू झाली की मांडवातले मानपानाचे रुसवेसुद्धा तेवढ्यापुरते थांबत. नाना आणि विजूताई दर एकादशीला साबुदाण्याची खिचडी खात देव आहे की नाही यावर भांडायचे. उपास नानांचा असे, खिचडी जास्त विजूताई खात.

मग नानांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं तर जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. ऑपरेशनपूर्वीचा सगळा वेळ नानांनी आपल्या घरच्या संगणकासमोर बसून काढला. लग्न, मुंज, वास्तुशांत, सगळे विधी त्यांनी आपल्या आवाजात, आपल्या चालीत भरून ठेवले. विजूताईंनी ते तंत्र शिकवलं होतं. नाना प्रत्येक वेळी बटणावर अक्षता टाकून मगच ते दाबत आणि विजूताई दर वेळी त्या अक्षता चिमटीने वेचून काढत.

हे सगळं कुणासाठी? तर सुनेसाठी. मुलगा संजय झाशीला नोकरीत, त्याला दोन ओळी म्हटल्या की जांभई येते. सून माधवीला मात्र स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून निम्मं आधीच येत होतं. नानांनी ते ओळखलं आणि ठरवलं, की आपल्यामागे हे माधवी चालवणार. नानांच्या बायकोला, म्हणजे आमच्या पुराणिक काकूंना, हे पटत नव्हतं. काकू वाईट नाहीत, भित्र्या आहेत. "आपल्यात बाईने लग्न लावलेलं कुणी ऐकलंय का? काही उणंदुणं झालं तर लोक काय म्हणतील? देव काय म्हणेल?" त्या घरात शेवटचा शब्द काकूंचा. दिघ्यांच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात होतं आणि त्यांनी माधवीलाच विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "दसऱ्याला सांगते." नाना तोवर ऑपरेशन होऊन घरी आले होते. पाटी-पेन्सिल घेऊन बसत आणि काही बोलायचं झालं की लिहून दाखवत.

विजूताई त्यांच्या मागे लागल्या होत्या, की या सगळ्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. नाना ऐकत नसत. पाटीवर लिहीत, ‘विद्या मुखातून कानात जावी. डब्या भरून वाटू नये.’ आरत्या तेवढ्या त्यांनी एका पेन ड्राइव्हवर दत्ताच्या देवळाला दिल्या होत्या. तो पेन ड्राइव्ह देवळातून घरी आणि घरातून देवळात सतत ये-जा करत असे. बाकी सगळा आवाज त्या एकाच संगणकात.

दसऱ्याला संध्याकाळी मी आणि विजूताई शमीची पानं घेऊन पुराणिकांकडे सोनं द्यायला गेलो. जिन्यातच काकूंचा आवाज ऐकू आला. आत गेलो तर सणाचं घर सुतक असल्यासारखं. काकू पदर डोळ्यांना लावून बसलेल्या, नाना आरामखुर्चीत डोळे मिटून, आणि माधवी नवी साडी नेसून भिंतीला टेकून उभी. संगणकापुढे बाजारातल्या दुकानातून बोलावलेला एक मेकॅनिक स्क्रू काढत होता.

झालं होतं ते असं. खंडेनवमीला इथल्या दक्षिणी, म्हणजे आम्हा मराठी, घरांतून हत्यारांची पूजा होते. आता हत्यारं कुठली? पुराणिकांकडे नानांच्या पोथ्या, पळी-पंचपात्र, काकूंची विळी आणि यंदा नानांच्या आज्ञेवरून संगणकसुद्धा. पूजा दरवर्षी नाना करत. यंदा त्यांनी पाटीवर ‘माधवी’ असं लिहिलं. तिने केली. पुजलेल्या वस्तूला मग दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो. दसऱ्याला दुपारी तिने नानांचं लग्नविधीचं ध्वनिमुद्रण ऐकायला बटण दाबलं, तर काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी. पुढे काही नाही.

"मी म्हणतच होते," काकू म्हणाल्या. "पूजा चुकली की देव असं दाखवतो. आवाज एकदा गेला होता माणसाचा, आता मशीनमधलाही गेला."

"ताई, मी फक्त बाहेरून हळद-कुंकू लावलं," माधवी म्हणाली. "कसम से, अंदर कुछ नहीं गया. एक फूल ठेवलं वरती, बस." तिला रडू आवरत नव्हतं. लग्न झाल्यापासून ऐकत आलेला आवाज, तो शिकायला मिळणार म्हणून दोन महिने घरातली सगळी कामं पहाटे उरकत होती ती. तो आवाज तिच्याच हातून गेला, असं तिलाही वाटायला लागलं होतं. मला तिची फार कणव आली.

मेकॅनिक म्हणाला, "हार्ड डिस्क का मामला है. फॉर्मेट मारना पड़ेगा."

"रुकिए भैया," विजूताई दारातूनच म्हणाल्या. "डिस्क खराब है, किसने कहा?"

"चालू नहीं हो रहा ना, मैडम."

"सुबह-सुबह मैं भी चालू नहीं होती. मुझे भी फॉर्मेट मारेंगे?"

तो बिचारा सोनं आणि पेढा घेऊन गेला. विजूताईंनी माधवीला खुर्चीवर बसवलं. स्वतः हात मागे बांधून उभ्या राहिल्या. "डोळे पूस. काय लिहिलंय ते वाच."

"एरर. सिम्बॉल नॉट फाउंड. आणि खाली, ग्रब रेस्क्यू."

विजूताईंचा चेहरा एकदम उजळला. दुसऱ्याच्या संकटात असा आनंद होणं शोभत नाही, पण त्यांना होत असे. "अगं, मग डिस्क मेलेली नाही. मेलेली डिस्क एवढं बोलत नाही." त्यांनी पर्समधून करंडा काढला, आतला पेन ड्राइव्ह माधवीच्या हातात दिला आणि त्यावरून संगणक सुरू करायला लावला. काही वेळाने पडद्यावर फोल्डर दिसायला लागले. लग्न. मुंज. वास्तुशांत. सगळं जागच्या जागी.

"वाजव," विजूताई म्हणाल्या.

आणि खोलीत नानांचा आवाज आला. ऑपरेशनच्या आधीचा, भरदार. नानांनी डोळे उघडले. काकू उठून संगणकाजवळ आल्या आणि तोंडावर पदर धरून ऐकत राहिल्या. मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण दुसरीकडे बघणं जमत नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण काकूंनी डोळे पुसले आणि विचारलं, "आवाज वाचला, देवाची कृपा. पण बंद का पडलं? पूजेच्या आधी चालू होतं, पूजेनंतर बंद पडलं."

माधवीची मान पुन्हा खाली गेली.

"काय काय बदललं ते सांगा," विजूताई म्हणाल्या. "अष्टमीला अपग्रेड मीच केलं, म्हणजे जुनी प्रणाली काढून नवी घातली. दोनदा बंद करून चालू करून बघितलं. चालत होतं. त्यानंतर काय?"

"काहीच नाही," सगळे म्हणाले.

"काहीच नाही असं नसतं." मग त्यांनी माधवीला एकेक आज्ञा सांगून डिस्क तपासायला लावली आणि तिने वाचलेलं ऐकत राहिल्या. ऐकता ऐकता त्या पुटपुटल्या, "डिस्कवरचा बूटलोडर जुनाच आहे. मी नवा घातला होता. मग नवा गेला कुठे?" मग त्यांनी विचारलं, "माधवी, अष्टमीला मी बसले तेव्हा मशीनला आणखी काय लावलेलं होतं?"

"काही नाही ताई. म्हणजे, देवळाचा पेन ड्राइव्ह होता. वो तो हमेशा रहता है. आज सकाळी पुजारी काका घेऊन गेले ना, दसऱ्याच्या आरतीसाठी."

तो इतका सवयीचा होता, की ‘काय बदललं’ या प्रश्नात कुणी त्याला धरलाच नव्हता.

विजूताई खुर्ची ओढून बसल्या. त्यांना इतकं अवघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग काकूंकडे वळून, स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "काकू, चूक माझी आहे."

आणि काकूंना कळेल असं त्यांनी सांगितलं. लग्नघरात पहाटे उठून सगळ्यांना उठवणारी एक आत्या असते. कोण कुठे झोपलंय ते तिला ठाऊक. संगणकातही बटण दाबल्यावर आधी तीच उठते आणि बाकीच्यांना उठवते. तिलाच बूटलोडर म्हणतात. अपग्रेडमध्ये घरातली मंडळी बदलली, म्हणून आत्याही नवी आणली. पण ‘हिला कुठे ठेवायचं’ असा प्रश्न संगणकाने विचारला आणि दोन जागा दाखवल्या, तेव्हा विजूताईंनी तिचं बिऱ्हाड चुकून देवळाच्या पेन ड्राइव्हमध्ये केलं. संगणकाला आधी पेन ड्राइव्हमध्ये डोकावून बघायची सवय, तीही त्यांनीच लावलेली. त्यामुळे तो लावलेला होता तोवर सगळं सुरळीत. आज आत्या देवळात गेली. घरात उरली जुनी आत्या. ती नव्या मंडळींना जुन्याच नावांनी हाका मारत बसली आणि कुणी ओ देईना.

काकूंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "विजू, तू तिला सांभाळून घेते आहेस. मला कळतं."

खरं तर विजूताई दहा मिनिटांत ते दुरुस्त करू शकत होत्या. पण त्यांनी मला सांगितलं, "जा, देवळातून तो पेन ड्राइव्ह घेऊन ये."

"कशाला? तसंही होईलच ना दुरुस्त?"

"चुपचाप जाओ."

हिंदी ऐकल्यावर मी निघालो. पुजारी म्हणाले आरती झाल्याशिवाय मिळायचा नाही, म्हणून आरतीला उभा राहिलो. कर्ण्यातून नानांचाच आवाज येत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

परत आलो तेव्हा विजूताईंनी आपला पेन ड्राइव्ह काढून करंड्यात ठेवला आणि काकूंना संगणकापुढे बसवलं. आयुष्यात पहिल्यांदाच बसल्या असतील. "आता तुम्हीच बघा. बटण दाबा." काळा पडदा, त्याच दोन ओळी. "आता बंद करा. हा पेन ड्राइव्ह लावा. स्वतःच्या हाताने. दाबा बटण." संगणक काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाला. "आता काढा." पुन्हा काळा पडदा. काकूंनी ते आणखी एकदा करून पाहिलं, मग आणखी एकदा. शेवटी त्यांना त्यात मजाच यायला लागली आणि नानांकडे वळून म्हणाल्या, "अहो, बघा, लावला की लागतं!"

"काकू," विजूताई म्हणाल्या, "तिने जे पुजलं ते बिघडलं नाही. मी जे लावलं ते बिघडलं. पूजा अगदी यथासांग झाली."

देव न मानणाऱ्या बाईच्या तोंडून हे वाक्य निघालं. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. चूक लपवायला हळद-कुंकू आयतं समोर होतं आणि कुणाला शंकाही आली नसती.

मग माधवीने दुरुस्ती केली. विजूताई मागे उभ्या राहून एकेक आज्ञा सांगत होत्या आणि ‘कुठे ठेवायचं’ हा प्रश्न आला तेव्हा म्हणाल्या, "दोन्ही ओळी वाच. हळू. आता डिस्कवाली निवड." आत्या घरात राहायला आली. पेन ड्राइव्ह काढून संगणक सुरू केला, सुरू झाला.

"पण ताई, तुमच्याकडून कसं चुकलं?" माधवीने विचारलं. आमच्यापैकी कुणी विचारलं नसतं.

विजूताई चष्मा पदराने पुसत म्हणाल्या, "दिसत नाही मला नीट. वर्ष झालं. तू पुरणाच्या गडबडीत होतीस, तुला बोलावलं नाही. दोन ओळी धूसर दिसल्या, अंदाजाने एक निवडली. जगाला सांगते वाचा म्हणून, आणि मी वाचलं नाही."

नानांनी पाटी उचलली, काहीतरी लिहिलं आणि विजूताईंच्या नाकासमोर धरली. त्यांना ते वाचता येईना. मग नानांनी पुसून पाटीभर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मोतीबिंदू काढ.’

"आणि तुम्ही प्रत काढा," विजूताई फणकारल्या.

नानांनी पाटी पुन्हा पुसली. मग लिहिलं, ‘एकच.’

निघताना काकूंनी ताटातली शमीची पानं उचलली. दरवर्षी पहिलं सोनं नानांना. त्या दिवशी त्या आधी माधवीपाशी गेल्या, तिच्या हातावर पानं ठेवली आणि म्हणाल्या, "दिघ्यांना फोन कर. हो म्हणून सांग."

विजूताईंनी दिवाळीनंतर डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली आणि आठवडाभर आमचं डोकं खाल्लं. घरात इतकी धूळ आहे हे कुणी सांगितलं कसं नाही, अरुण, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले, वगैरे. दिघ्यांच्या लग्नाला काळा चष्मा लावून आल्या. साडी रेशमी, खाली तेच बूट. नानांच्या शेजारची खुर्ची त्यांनी पटकावली, त्यांच्या शेजारी मी.

वरपक्षातले एक काका कुजबुजले, की बाई लग्न लावणार म्हणे. विजूताईंनी मान वळवून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काळ्या चष्म्यातूनही ते पाहणं पोहोचलं असावं, कारण ते पुढे बोलले नाहीत.

अंतरपाट धरला. माधवीचा पहिला शब्द जरा कापरा आला, दुसऱ्याला ती सावरली आणि मग मांडवभर नानांची चाल घुमायला लागली. तोच ठेहराव, ओळीच्या शेवटी तसाच सूर सोडून देणं, फक्त गळा बाईचा. नाना एकेका शब्दाबरोबर ओठ हलवत होते. काकू बायकांच्या घोळक्यात पुढे उभ्या होत्या आणि रडून मोकळ्या होत होत्या. लोक अक्षता टाकत होते. मी विजूताईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या.

मी वाकून म्हटलं, "ताई, एवढे नवे डोळे करून घेतलेत, ते मिटून बसायला?"

"गप बस. ऐकू दे. नाना कुठे संपतात आणि ही कुठे सुरू होते, ते शोधतेय."

"सापडलं?"

"नाही," विजूताई म्हणाल्या, आणि डोळे न उघडताच हसल्या.

नंतर थोड्याच दिवसांत त्यांची भाची त्यांना इंदूरला घेऊन गेली. मी तेव्हा परगावी होतो, त्यामुळे भेट झाली नाही. फोन करतात, रागावतात, अर्थात हिंदीत. पण मला त्या आठवतात त्या त्या मांडवातल्या, डोळे मिटलेल्या. मंगलाष्टकं संपून ताशा वाजायला लागला, लोक जेवणाकडे धावले, तरी त्या तशाच बसून होत्या आणि अक्षता त्यांच्या मुठीतच राहून गेल्या होत्या.